डोंगरउतारावरची सायकल : पल्ला किती हवा?

व्हँकुव्हरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, "मामा, एकच सायकल परवडणार आहे. १३० घेऊ, १५० घेऊ की १७०?" हे आकडे कसले, हे समजायला मला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र वाटले की, नववी-दहावीच्या वर्गात कार्य आणि ऊर्जा शिकवताना आपण जे उदाहरण शोधत असतो ते इथे आयतेच हाती आले आहे. शिवाय या उदाहरणात गणित चुकले तर मनगट मोडते, त्यामुळे मुले ते लक्ष देऊन ऐकतील.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. व्हँकुव्हरपासून सुमारे १२० कि.मी. उत्तरेला व्हिस्लर नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो. उन्हाळ्यात बर्फ वितळले की त्याच पाळण्यांतून माणसे आणि त्यांच्या सायकली डोंगरावर नेतात आणि मग माणसे मातीच्या आखीव वाटांवरून सायकलने खाली येतात. अशा जागेला बाइक पार्क म्हणतात. काही वाटा यंत्राने गुळगुळीत केलेल्या आणि उड्यांसाठी उंचवटे असलेल्या असतात, तर काही मुळे आणि खडक यांतून जाणाऱ्या असतात. दोन्हींची मागणी निराळी असते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

भाच्याचे आकडे मिलिमीटरमधले होते. या सायकलींना पुढच्या चिमट्यात आणि मागच्या चाकाजवळ स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर असतात. फ्रेमच्या सापेक्ष चाक जास्तीत जास्त जेवढे वर सरकू शकते त्या अंतराला इंग्रजीत ट्रॅव्हल म्हणतात. आपण त्याला पल्ला म्हणू. केवळ उतारासाठी बनवलेल्या सायकलींचा पल्ला २०० मि.मी.च्या आसपास असतो. १३० ते १६० मि.मी. हा मधला पल्ला झाला. या सायकलीवरून डोंगर उतरता येतो आणि पायडल मारत चढताही येतो. भाच्याला काही रविवारी व्हिस्लरला जायचे होते आणि उरलेल्या रविवारी घराजवळच्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढायचे होते.

पल्ला जितका जास्त तितके बरे, असे कोणालाही वाटेल. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे का घेतो हे आपण मुलांना सांगतोच. थांबण्याचे अंतर वाढले की बल कमी होते. हाच हिशेब इथे मांडून पाहू. माणूस आणि सायकल मिळून वस्तुमान ९० कि.ग्रॅ. धरू. १ मी. उंचीवरून सपाट जमिनीवर पडताना सुमारे ८८० ज्यूल ऊर्जा निर्माण होते. ती थांबण्याच्या अंतरात संपवायची असेल, तर सरासरी बल वजनाच्या किती पट, हे काढण्याची रीत सोपी आहे : उंची अधिक थांबण्याचे अंतर, भागिले थांबण्याचे अंतर. निव्वळ १३ सें.मी. पल्ला असेल तर ११३ भागिले १३, म्हणजे ८.७ पट. १७ सें.मी. असेल तर ११७ भागिले १७, म्हणजे ६.९ पट. फरक चांगलाच आहे.

पण यात एक गोष्ट राहून गेली. सायकलीवर पोते ठेवलेले नाही, माणूस आहे. उतारावर तो सीटवर बसत नाही. पायडलवर उभा राहतो आणि जमिनीला टेकताना गुडघे व कोपरे वाकवतो. त्यातून सहज ४० सें.मी. मिळतात. आता पहिल्या सायकलीवर थांबण्याचे अंतर ५३ सें.मी. होते आणि दुसरीवर ५७. उत्तरे येतात २.८९ पट आणि २.७५ पट. म्हणजे फरक जेमतेम पाच टक्के! हा हिशेब ढोबळ आहे. सायकलीचे स्वतःचे वस्तुमान पायांच्या आधाराने थांबत नाही, आणि सरासरीपेक्षा कमाल बल बरेच मोठे असते. तरीही ताठ गुडघ्यांनी उतरणाऱ्याला १७ सें.मी. जेवढे वाचवतात, त्याच्या कितीतरी पट अधिक स्वतःचे गुडघे वाचवतात. भाच्याला हे पटले नाही. "मग पल्ल्यासाठी एवढे पैसे का घेतात?" असा त्याचा बिनतोड प्रश्न होता.

त्याआधी उडीचा विचार पुरा करू. व्हिस्लरच्या ए-लाइन नावाच्या प्रसिद्ध वाटेवरचे उंचवटे ओट्यासारखे आहेत. एका बाजूने चढ, वर सपाटी आणि पलीकडे उतरता भाग. सायकलस्वाराने सपाटी ओलांडून पलीकडच्या उतारावर टेकायचे असते. समजा, टेकताना वेग सेकंदाला १० मी. आहे आणि सायकल क्षितिजाशी ३५ अंशांचा कोन करून खाली येते आहे. खाली सपाट जमीन असेल, तर जमिनीला लंब असलेला वेगाचा घटक ५.७ मी. प्रति सेकंद येतो. सरळ १.७ मी. उंचीवरून पडावे तेवढा हा आघात आहे. तीच जमीन २५ अंश उतरती असेल तर कोनांतला फरक फक्त १० अंश उरतो. लंब घटक १.७ मी. प्रति सेकंद, आणि आघात केवळ १५ सें.मी. उंचीवरून पडल्याएवढा. बाकीचा वेग उताराच्या दिशेने तसाच पुढे जातो. तेव्हा नीट बांधलेल्या वाटेवर धक्का शोषण्याचे मोठे काम सायकल करतच नाही, ते वाट बांधणाऱ्याच्या फावड्याने आधीच केलेले असते. मात्र वेग कमी पडून सायकल ओट्याच्या सपाटीवरच आदळली, तर वरचा दुसरा आकडा नव्हे, पहिला आकडा लागू होतो. सदिशांचे घटक पाडणे या धड्याला याहून बरे उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा वाटेवर जास्त पल्ला उलट आडही येतो. उंचवट्यावरून उडताना स्वार पायांनी सायकल खाली दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने वर उठतो. स्प्रिंग फार मऊ आणि पल्ला लांब असेल, तर त्याच्या कार्याचा काही भाग शॉक अब्सॉर्बरच्या तेलात उष्णता होऊन जातो. गादीवर उभे राहून उडी मारून पाहावी, म्हणजे फरक समजेल.

आता पैसे कशाचे, हा प्रश्न. मुळांनी भरलेल्या वाटेवर हाच वेग असेल आणि मुळे एकेका मीटरवर असतील, तर चाकाला सेकंदाला दहा धक्के बसतात. गुडघे एवढ्या जलद वाकू-ताठू शकत नाहीत. तिथे खरोखर पल्लाच कामाला येतो. पण तिथेही निव्वळ अंतर पुरत नाही. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, ती नाहीशी करत नाही. नाहीशी करण्याचे, म्हणजे उष्णतेत बदलण्याचे काम बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल करते. यालाच अवमंदन म्हणतात. अवमंदन कमी पडले तर सायकल घोड्यासारखी उधळते. ते जास्त झाले तर एका धक्क्यानंतर चाक पूर्ण खाली येण्याआधीच दुसरा धक्का बसतो, मग तिसरा, आणि पल्ला दर धक्क्याला थोडा थोडा खाल्ला जातो. चार-पाच मुळांनंतर १७० मि.मी.ची सायकल ७० मि.मी.सारखी वागू लागते. चांगल्या सायकलीत हे अवमंदन स्क्रू फिरवून बदलता येते. पैसे द्यायचे ते यासाठी.

स्प्रिंगही बहुधा पोलादी नसते, कोंडलेल्या हवेची असते. हिचा गुणधर्म वर्गात दाखवायला सुई काढलेली सिरिंज पुरे. दट्ट्या पूर्ण मागे ओढून तोंड अंगठ्याने बंद करावे आणि दट्ट्या दाबावा. सुरुवातीला तो सहज आत जातो. आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट होतो, आणि शेवटचे थोडे अंतर तर जोर लावूनही सरत नाही. बाइक पार्कसाठी हे सोयीचे आहे, कारण लहान धक्क्याला सायकल मऊ लागते आणि मोठ्या धक्क्याला पल्ला संपण्याआधी कडक होते. हवेच्या कोठीत प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे घालून शेवटचा कडकपणा वाढवण्याचीही सोय असते. हवा किती भरायची हे स्वाराच्या वजनावर ठरते. तो नुसता उभा राहिला असता मागचा पल्ला साधारण २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. म्हणजे १५० पैकी सुमारे ४५ मि.मी. तिथेच गेले. हे वाया गेले असे मात्र नाही. खड्डा आला की चाकाला खाली जायला तेवढी जागा लागते. आणि उडीत चाके लोंबत असल्याने टेकताना सगळा पल्ला मिळतोच.

पल्ल्याच्या चर्चेत दोन गोष्टी हमखास मागे पडतात. पहिली फ्रेमची मजबुती. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेने सायकलींचे वापरानुसार वर्ग केले आहेत. तिसऱ्या वर्गात सुमारे ६१ सें.मी.पर्यंतच्या उड्या धरल्या आहेत, चौथ्यात १२२ सें.मी.पर्यंतच्या, आणि पाचवा वर्ग त्याहून कठीण वापरासाठी आहे. सारख्याच पल्ल्याच्या दोन सायकली निरनिराळ्या वर्गांत असू शकतात. हा वर्ग माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

दुसरी गोष्ट ब्रेक. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत काही तरुणांनी जुन्या जड सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या वाटेवर सुमारे ४०० मी. उंची उतरावी लागे. पायडल उलटे फिरवून लागणारे ब्रेक चाकाच्या तुंब्यात असत. ते इतके तापत की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागे. त्या वाटेचे नावच त्यावरून 'रिपॅक' पडले. आपल्या ९० कि.ग्रॅ.साठी १००० मी. उताराचा हिशेब करा : सुमारे ८८० किलोज्यूल. या उष्णतेत २५ अंश तापमानाचे पावणेतीन लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा हवा आणि टायर उचलतात, पण बराचसा भाग पोलादाच्या दोन पातळ चकत्यांना घ्यावा लागतो आणि हवेत टाकावा लागतो. म्हणून २०० मि.मी. व्यासाच्या चकत्या आणि चार पिस्टनचे ब्रेक यांवर खर्च करणे मला पल्ल्यात २० मि.मी. वाढवण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते. जाड कुशीच्या टायरांचेही तसेच. खडकावर टायर चिरडून हवा गेली, तर पल्ल्याचा काही उपयोग नाही.

जाता जाता एक आठवण. १९९० साली कोलोरॅडोतील दुरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तीत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने जिंकली. त्याच्या चिमट्याचा पल्ला होता सुमारे ५ सें.मी.!

भाच्याला मी शेवटी १५० सांगितली, पण पाचव्या वर्गाच्या फ्रेमची, मोठ्या चकत्यांची, पुढे १६० मि.मी.चा चिमटा असलेली. तो नुसता पाळण्यानेच चढणार असता आणि खडकाळ वाटाच धरणार असता, तर १७० सांगितली असती. अगदी अवघड वाटेची हौस आलीच तर तिथे मोठ्या पल्ल्याच्या सायकली एका दिवसासाठी भाड्याने मिळतात. तोंडासकट झाकणारे हेल्मेट मात्र स्वतःचे घ्यायला लावले.

पहिल्या रविवारनंतर त्याने एक छायाचित्र पाठवले. शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावर एक रबरी कडे असते. दांडा आत जाताना ते सरकते आणि जिथवर गेले तिथेच राहते, त्यामुळे दिवसभरातला सर्वांत मोठा धक्का किती होता ते कळते. त्याचे कडे दांड्याच्या पार टोकाला जाऊन बसले होते. एखादाच मोठा धक्का होता का, असे विचारले तर म्हणाला, "नाही मामा, प्रत्येक फेरीला असेच होते." मी त्याला आधी वजन विचारले, मग पंप काढायला सांगितला.