भट्टी आणि दर्शन

जामनेरच्या पेठेंत सराफ मुशींत सोनें आटवितो, कासार पितळेचीं भांडीं मांडतो आणि वैद्य रससिंदुराची पुडी बांधून देतो. हीं तिन्ही कामें एकाच जुन्या विद्येच्या कुळांतलीं. तिला आमचे पूर्वज रसविद्या म्हणत, आणि ती निव्वळ कारागिरी नव्हती. तिच्या पाठीशीं स्वतंत्र दर्शन उभें होतें, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

चवदाव्या शतकांतील माधवाचार्यांनीं ‘सर्वदर्शनसंग्रहा’त बौद्ध, जैन, सांख्य यांच्या पंक्तीस ‘रसेश्वरदर्शन’ बसविलें आहे. त्या मताचा आशय असा: मेल्यानंतरची मुक्ति कोणीं पाहिली? मुक्ति ज्ञानानें, ज्ञान अभ्यासानें, आणि अभ्यास टिकाऊ देहानें. म्हणून आधीं देह स्थिर करावा, व तें काम पारा आणि अभ्रक करतील. पाऱ्याची परीक्षा मात्र प्रथम धातूवर, मग शरीरावर. पारा अमरत्व देत नाहीं, तो विष आहे, हें आज सिद्धच आहे. परंतु त्या आशेनें विद्वान् मनुष्य भट्टीपाशीं बसला, खल हातीं धरला, पाऱ्याचे अठरा संस्कार त्यानें नोंदून ठेविले.

त्याचें फळ पाहावें. सुमारें त्याच काळांतील ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथांत जस्त काढण्याची कृति आहे. जस्ताचें खनिज हळद, लाख इत्यादींशीं खलून वांग्याच्या आकाराच्या मुशींत तापवावें. ज्वाळा निळीची पांढरी झाली म्हणजे कथलाच्या कांतीचा धातु मिळतो. हळद व लाख जळून झालेला कोळसा खनिजांतील प्राणवायु ओढून घेतो, हें त्याचें आजचें स्पष्टीकरण. जस्ताची वाफ उघड्यावर जळून जाते, म्हणून हें काम फार कठीण. राजस्थानांत जावर येथें उत्खननांत अशा मुशींच्या भट्ट्याच सांपडल्या आहेत. इंग्लंडांत चँपियननें जस्त गाळण्याचा हक्क घेतला तो 1738 सालीं.

मग ही विद्या खुंटली कां? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं 1902 सालीं हिंदु रसायनाचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं निर्भीडपणें जातिभेदाकडे बोट दाखविलें आहे. हस्तव्यवसाय खालच्या मानलेल्या जातींकडे लोटले गेले, आणि ‘कसें’ व ‘कां’ विचारणारी बुद्धि कामापासून तुटली. जग मायारूप आहे या मतासही ते दोष देतात. हा दुसरा आरोप आम्हांस थोडा ओढून आणलेला वाटतो. पहिल्याविषयीं मात्र संशय नाहीं. कणादानें परमाणु सांगितला, याचा अभिमान आम्हांसही आहे. पण तो तर्कांतच राहिला. डाल्टननें 1808 च्या ग्रंथांत परमाणूंचीं सापेक्ष वजनें मांडलीं, आणि त्यापूर्वीं लाव्हाझिएनें तराजूवांचून बोलणेंच सोडलें होतें.

आमच्याच जिल्ह्यांतील फैजपूरच्या रंगाऱ्यांचें एके काळीं नांव होतें. तुरटीवांचून आलीचा तांबडा रंग कापडावर पक्का बसत नाहीं, हें रंगाऱ्यास पिढीजात ठाऊक. द्रव्य आणि गुण यांचा संबंध कसा असतो, यावर शास्त्रीबोवा पोथी सांगत. दोघे एका ओटीवर बसते तर! बसले नाहींत. 1869 च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेचा तांबडा रंग डांबरापासून तयार केला, तो स्वस्त माल पेठांत आला, आणि खानदेशांत आल लावणें बंद पडलें. हा हिशेब व्यापाऱ्यांस तरी समजावून सांगणें नको.

आजही जेथें प्रयोग फळ्यावर उरकून वहींत उतरविला जातो, तेथें तीच फारकत चालू आहे. म्हणून तालुक्यांतील धनिकांस आमची स्पष्ट सूचना आहे: प्रत्येक माध्यमिक शाळेस चांगला तराजू, काचपात्रें व दिवे द्यावे, आणि आठवड्यांतून एक तास कासारास, सराफास किंवा रंगाऱ्यास शिक्षक म्हणून, मानधन देऊन, सन्मानानें बोलवावें. उत्सवाच्या एका मंडपाहून याचा खर्च अधिक होणार नाहीं.