पडवीतील सायकल

जुलै महिन्यातील एका संध्याकाळी पेडणे तालुक्यातील एका घरी आजारी आजीस पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही गेलो होतो. बाहेर पावसाची झोड उठली होती. पडवीत पाऊल ठेवताच जात्याच्या घरघरीसारखा आवाज कानी पडला. पाहतो तो घरचा तरुण मुलगा सायकलीवर बसून जिवाच्या आकांताने पेडल मारीत होता; सायकल मात्र जागची तसूभरही हलत नव्हती. मागील चाक एका लोखंडी घोडीत अडकवलेले, समोर खुर्चीवर मोबाइल टेकवलेला आणि खालची फरशी घामाने ओली. आई दारात येऊन म्हणाली, "फादर, हा रोज तास-दीड तास असा धावतो आणि पडवीतच राहतो. ह्याला जायचे तरी कोठे आहे, ते तुम्हीच विचारा."

आम्ही विचारले. पणजीस जायचे आहे, असे उत्तर मिळाले.

वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल की पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा गोव्यात प्रथमच भरली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि तीवरून उतरताच २१.१ किलोमीटर धावायचे, असा तिचा क्रम. ह्या तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज केली म्हणजे ७०.३ हा आकडा येतो. महामारीमुळे मध्ये खंड पडला. २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. तिघा मित्रांनी मिळून एकेक भाग वाटून घेण्याचीही सोय तीत असते. आमच्या ह्या तरुणाने व त्याच्या दोघा मित्रांनी तसेच ठरविले असून सायकलीचे ९० किलोमीटर त्याच्या वाट्यास आले आहेत. ही स्पर्धा रविवारी होते, हे आम्हांस फारसे रुचलेले नाही. परंतु शनिवारी संध्याकाळची मिस्सा आहे आणि ती चुकणार नाही असे वचन आम्ही त्याच्याकडून घेतले आहे.

आता खरी अडचण पाहा. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तिच्या तयारीस बारा ते सोळा आठवडे तरी हवेत. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे चार महिने. आणि नेमके तेच आमच्या पावसाचे महिने. डिचोलीकडील खाणींच्या वाटांवरचा तांबडा चिखल, महामार्गावरील अवजड मालगाड्या, पाण्याखाली दडलेले खड्डे आणि भर दुपारी दाटणारा काळोख, ह्यांतून पहाटे वा रात्री सायकल हाकणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर ते दररोज करतो हे खरे. पण त्याला पोटासाठी जावे लागते. खेळासाठी कोणी आपले हातपाय मोडून घेऊ नयेत. तेव्हा पावसाळ्यात घरातच सायकल चालवावी, हा ह्या तरुणाचा विचार आम्हांस मुळीच वेडेपणाचा वाटला नाही.

धार्मिक साप्ताहिकात सायकलीचे काय काम, असे एखाद्या वाचकास वाटेल. पोप बारावे पायस ह्यांनी १३ ऑक्टोबर १९४९ रोजी इटलीतील कोमो सरोवरानजीकच्या घिसाल्लो येथील पवित्र मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तेथील लहानशा चॅपेलात नामांकित सायकलपटूंच्या सायकली ठेवलेल्या आहेत. जिनो बार्ताली हा इटालियन कॅथोलिक १९३८ व १९४८ साली 'टूर द फ्रान्स' ही स्पर्धा जिंकला. ह्या दोन विजयांच्या मधल्या युद्धकाळात तो सरावाच्या मिषाने फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत जाई आणि ज्यू कुटुंबांचे प्राण वाचविणारी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून नेई. जिवंतपणी त्याने ह्याचा गाजावाजा केला नाही; त्याच्या मृत्यूनंतर २०१३ साली इस्राएलमधील याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग येथे झालेल्या जागतिक सायकल स्पर्धेत व्हॅटिकनच्या क्रीडासंस्थेचाही एक स्वार उतरला होता. तेव्हा आम्ही फार दूर भरकटलेलो नाही.

परंतु आजीची प्रार्थना आटोपून आम्ही चहास बसलो, तेव्हा घरातील खरे दुखणे बाहेर आले. मुलगा मोपा येथील विमानतळावर पाळीने काम करतो. एका आठवड्यात पहाटे, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री. त्याने मोबाइलवर एक ॲप घेतले. त्यात अनेक तयार सरावक्रम होते, त्यांतील सर्वांत भारदस्त नावाचा त्याने निवडला. आठवड्यास पाच दिवस, एकूण दहा तास! रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यावे आणि आठला घोडीवर चढावे, असे तीन आठवडे चालले. चौथ्या आठवड्यात गुडघा धरला, कामावर डोळे मिटू लागले, आईवर विनाकारण आवाज चढू लागला. दोन रविवार तो मिस्सेस आला नाही. ठरलेले एक सत्र चुकले की पडद्यावर तांबडी खूण उमटे आणि ती पाहून तो दुसऱ्या दिवशी दुप्पट जोर करी. "फादर, ॲप चुकीचे निघाले. दुसरे कोणते घेऊ?" असे तो आम्हांस विचारू लागला.

आमच्या मते ॲप चुकले नव्हते. निवडीचा क्रम चुकला होता. आधी ॲप, मग आराखडा आणि शेवटी आपला आठवडा, असे त्याने केले. आम्ही त्यास एक कागद दिला आणि पुढील चार आठवड्यांच्या पाळ्या, झोपेचे सात तास, शेतातील काम, जपमाळ व मिस्सा हे सर्व मांडावयास सांगितले. उरलेला वेळ मोजला. आठवड्यास चार तास निघाले. रात्रपाळीच्या आठवड्यात तीनच. दहा तासांचा आराखडा चार तासांच्या माणसाने घेणे म्हणजे थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालण्यासारखे आहे.

चार तासांत ९० किलोमीटरची तयारी होते काय? होते, पण तिचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. ह्या सर्व ॲपांचा पाया एक आकडा आहे. पायांनी किती शक्ती लावली ती वॅटमध्ये मोजतात. विजेच्या दिव्यावर लिहिलेला असतो तोच हा वॅट. साधारण तासभर टिकेल अशी आपली कमाल शक्ती किती, हे आधी शोधायचे. त्यासाठी शरीर चांगले तापवून घेऊन वीस मिनिटे होईल तितक्या जोराने पण एकसारखी सायकल चालवावी, आणि त्या वीस मिनिटांच्या सरासरीतून शेकडा पाच वजा करावेत. ह्या तरुणाची सरासरी २०० आली. म्हणजे त्याचा आकडा १९०. काही ॲपांत दर मिनिटास भार वाढवीत नेऊन शेवटच्या मिनिटाच्या पाऊण पट धरण्याची दुसरी रीत असते. आम्हीही एके दुपारी झगा खुंटीस अडकवून ही परीक्षा दिली. आमचा आकडा येथे छापण्यासारखा नाही.

हा आकडा मिळाला की सरावाचे माप ठरते. सोपा सराव म्हणजे त्याच्या सुमारे ५५ ते ७५ टक्के. ह्या तरुणास १०५ ते १४० वॅट. कठीण सराव म्हणजे, उदाहरणार्थ, ९० ते ९५ टक्के भाराने आठ मिनिटे, मग चार मिनिटे सावकाश, असे चार वेळा. त्याच्या हिशोबाने १७१ ते १८० वॅट. बहुतेक नवशिक्यांची चूक अशी की सोपा दिवस ते पुरेसा सोपा ठेवीत नाहीत, आणि मग कठीण दिवशी अंगात त्राण उरत नाही. नॉर्वेतील संशोधक स्टीफन सायलर ह्यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाची पाहणी केली, तेव्हा त्यांची पाचांपैकी सुमारे चार सत्रे सोपीच असल्याचे आढळले. थोडा वेळ असणाऱ्याने हे प्रमाण तंतोतंत पाळावे असे नाही, परंतु आठवड्यास कठीण सत्रे दोनपेक्षा अधिक नकोत. तीन आठवडे भार वाढवावा, चौथा हलका ठेवावा. विश्रांतीत शरीर घडते. पेडल मारताना ते केवळ झिजत असते.

सोपा म्हणजे किती सोपा, हे ओळखण्यास यंत्रही लागत नाही. 'नमो मरिये' ही प्रार्थना आरंभापासून अखेरपर्यंत मध्ये धाप न लागता मोठ्याने म्हणता आली, तर वेग बरोबर आहे. अर्ध्यावर श्वास तुटला तर अधिक आहे. हे आम्ही सांगितले तेव्हा तो हसला, पण त्याच संध्याकाळी त्याने घोडीवर बसूनच घरच्यांबरोबर पाचही रहस्ये म्हटली. आजीस ते पसंत पडले नाही. जपमाळ गुडघ्यांवर म्हणावी, असे तिचे मत आहे आणि तिच्याशी वाद घालण्याची आमची छाती नाही.

ॲप कोणते, हा प्रश्न आता घेऊ. झ्विफ्ट हे २०१४ साली निघालेले व सर्वांत प्रसिद्ध. त्यात चित्रातील काल्पनिक बेटावर आपण जगभरच्या लोकांसमवेत चाललो आहोत असे दिसते. एकट्याने पडवीत कंटाळणाऱ्यास ते बरे. परंतु २०२४ पासून अमेरिकेत त्याची मासिक वर्गणी सुमारे वीस डॉलर आहे. आपल्या पैशांत महिन्यास सतराशे रुपयांच्या पुढेच. (ह्या साप्ताहिकाची वर्गणी थकविणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.) ट्रेनररोड हे २०११ पासूनचे, त्यात देखावे नाहीत, केवळ भाराची आकृती आणि नेमून दिलेला सराव. चुकलेली सत्रे ध्यानी घेऊन ते पुढचा क्रम बदलते, हा त्याचा मोठा गुण. वर्गणी त्यालाही भरावी लागते. रूव्हीमध्ये खऱ्याखुऱ्या रस्त्यांची चित्रफीत चालते. मायवूश हे संयुक्त अरब अमिरातीतील ॲप मोफत आहे, आणि मोफत म्हणून हिणकस नव्हे. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने २०२४ ची पडद्यावरील जागतिक स्पर्धा त्याच्यावरच भरविली होती. तयार सरावक्रमही त्यात आहेत. केवळ नोंद ठेवण्यास व आठवडा आखण्यास इंटरव्हल्स नावाचे एक संकेतस्थळ विनामूल्य उपलब्ध आहे.

आमचा कौल असा की पहिल्या पावसाळ्यात मोफत ॲप घ्यावे. विकत घ्यावयाचेच तर घेण्यापूर्वी आपल्या घोडीचे नाव त्या ॲपच्या यादीत आहे की नाही ते पाहावे. साध्या, चुंबकाच्या घोड्या प्रत्येक ॲपला चालत नाहीत. मोफत चाचणीचे दिवस संपले की पैसे आपोआप कापले जातात. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. स्पर्धा नोव्हेंबरात संपली आणि वर्गणी पुढच्या मे महिन्यापर्यंत वाहत राहिली, असे व्हावयास वेळ लागत नाही.

घोडीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मागील चाक काढून सायकल थेट जिच्यावर बसवितात ती यंत्रचलित घोडी अधिक अचूक व शांत असते. ॲपने १७५ वॅट सांगितले की ती स्वतःच भार तितका धरते. मन चुकार असले तरी पायांना चुकता येत नाही. पण ती महाग आहे, आणि बहुतेक अशा घोड्यांना विजेची जोडणी लागते. पावसाळ्यात आमच्या गावी वीज किती वेळा जाते ते वाचकांस सांगणे नलगे. चाकाखाली रूळ असलेली साधी घोडी वापरलेली मिळाली तरी काम भागते. मात्र तिचा आकडा अंदाजाचा असतो, म्हणून टायरातील हवा दर वेळी सारखीच ठेवावी, नाहीतर मंगळवारचे १८० आणि शनिवारचे १८० ह्यांत मेळ राहत नाही. छातीस बांधावयाचा ठोके मोजणारा पट्टा तेवढा घ्यावा. आणि सर्वांआधी पंखा! घराबाहेर वारा अंग निववितो. पडवीत तो नसतो, हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि त्याच भाराला हृदयाचे ठोके कितीतरी चढतात. परीक्षा आणि सराव दोन्ही त्याच पंख्यासमोर करावेत. पाण्याची बाटली, चिमूटभर मीठ आणि हँडलवर जुना पंचा. घाम व खारी हवा मिळून लोखंड किती लवकर खातात ते किनाऱ्यालगतच्या लोकांस ठाऊकच आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घराण्यात हृदयविकार आहे त्यांनी जोराची परीक्षा देण्यापूर्वी डॉक्टरांस भेटावे. आम्हीही भेटलो होतो. छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा घेरी आली तर सत्र तेथेच सोडावे, पडद्यावर कितीही मिनिटे उरलेली असोत.

ह्या घरी आता असे ठरले आहे: एक कठीण सत्र पाऊण तासाचे, दोन सोपी, आणि सुटीच्या दिवशी पाऊस उघडला तर हरमलपर्यंत खऱ्या रस्त्यावर, कारण वळणे, उतार आणि सायकल चालवताना खाणे ही पडवीत शिकता येत नाहीत. रात्रपाळीच्या आठवड्यात कठीण सत्र नाहीच. चुकलेले सत्र भरून काढावयाचे नाही, ते गेले म्हणजे गेले. ही शेवटची अट मान्य करणे त्यास सर्वांत जड गेले.

ह्या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे. काल आम्ही आजीस भेटावयास गेलो, तेव्हा घोडी भिंतीस टेकून उभी होती, मुलगा आत गाढ झोपला होता आणि आई पंख्याची पाती पुसत होती. बोटाने गप्प राहण्याची खूण करून तिने आम्हांस मागील दाराने आत घेतले.