खेळण्यातील रोबोटची दुरुस्ती : सांधा घट्ट करावा, ऐब लपवू नये

कापडाच्या धंद्यात रफूगराला पूर्वी मोठा मान असे. शेरवानीला किंवा शालीला लहानसे भोक पडले, तर त्याच कापडाच्या आतल्या बाजूचे धागे काढून तो ती जागा अशी भरीत असे की पाहणाऱ्याला ती सापडू नये. परंतु इमानदार दुकानदार तो कपडा विकताना रफूच्या जागेवर स्वतः बोट ठेवून दाखवी व भाव त्याप्रमाणे सांगे. आज या पानावर आम्ही कापडाविषयी नव्हे, तर मुलांच्या खेळण्यातील रोबोटविषयी लिहीत आहोत. वाचकांना नवल वाटेल. पण यातही माल आहे, गिऱ्हाईक आहे आणि रफूही आहे.

आमचे मामू जेद्द्याला गवंडीकाम करीत. १९८६ साली ते रजेवर आले, तेव्हा कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शी लाइनच्या लहान गाडीने येडशीला उतरले. त्यांच्या पेटीत आमच्या धाकट्या भावासाठी एक रोबोट होता. हातपाय वळवून दुमडले की त्याची मोटार होत असे. सारा मोहल्ला तो पाहायला आला होता. भाऊ मोठा झाला आणि रोबोट दुकानाच्या माळ्यावरील पेटीत गेला. गेल्या वर्षी आमच्या मुलाने तो बाहेर काढला व त्याचे फोटो पुण्याच्या एका संग्राहकाला पाठविले. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून आम्ही थक्क झालो. भावाला विचारले, तर तो म्हणाला, "भाईजान, विकून टाका, पण नीट करून विका."

"नीट करून" या दोन शब्दांत सारी अडचण होती. रोबोटचा उजवा हात लोंबकळत होता, एक गुडघा भार घेत नव्हता, पांढरा भाग पिवळा पडला होता आणि छातीवरील स्टिकरचा कोपरा उठला होता. आम्ही गुडघ्यात शिलाई मशीनचे तेल सोडले. गुडघा होता त्याहून सैल झाला. मग खांद्यात सुपरग्लूचा थेंब टाकला. हात जागीच अडकला आणि भोवती पांढरी धुरकट झाक आली. तो सोडविण्यासाठी जोर लावला, तेव्हा खांद्याला बारीक तडा गेला. जवळजवळ चाळीस वर्षे टिकलेली वस्तू आम्ही एका दुपारी बिघडविली. त्यानंतर जाणकारांना विचारून व मोडक्या खेळण्यांवर हात बसवून जे शिकलो, ते येथे देत आहोत.

या मालाला किंमत का आली?

जपानमध्ये १९७४ साली पॉपी या कंपनीने जस्ताच्या मिश्रधातूचे वजनदार रोबोट 'चोगोकिन' या नावाने बाजारात आणले. पुढे टाकारा या जपानी कंपनीने मोटारीचा रोबोट होणारी खेळणी काढली. अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीने ती घेऊन १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे असा रोबोट एकतर आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीत येई किंवा मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणी मिळे. आयातीच्या परिमाणावरील उरलेली बंधने १ एप्रिल २००१ पासून उठली आणि नंतर चिनी खेळणी गावोगाव पोहोचली. पुढे सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के केले, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. सारांश, परदेशी नवा माल महाग पडू लागला आणि ज्यांचे बालपण त्या रोबोटांत गेले ते आता कमावते झाले. म्हणून घरातील जुन्या नगाला विचारणा होते.

मात्र प्रत्येक जुना रोबोट मोलाचा नसतो. नकली माल त्या काळीही भरपूर होता. पाठीवर, पायाच्या आत किंवा तळाशी कंपनीचे नाव व साल कोरलेले आहे काय, ते आधी पाहावे. येथेही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ते साल बहुधा आराखड्याच्या हक्काचे असते; तो नग त्याच वर्षी बनला, असा त्याचा अर्थ होत नाही.

सांध्याचे चार प्रकार

सैल सांधा म्हटला की आपण गोंद शोधतो. तसे न करता, सांधा कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावे.

पहिला स्क्रूचा सांधा. यात स्क्रू थोडा सैल झालेला असतो, एवढाच दोष. तो प्लास्टिकमध्येच आपली आटी पाडून बसलेला असतो. काढून पुन्हा बसविताना तो प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आटीत उतरल्याची बारीक टक् जाणवली की मग सरळ आवळावा. तसे न केल्यास तो नवी आटी पाडतो व दोन-चार वेळांत भोकच रुंद होते. पाव-पाव फेऱ्याने आवळून पाहावे. जास्त आवळल्यास आतील खुंटी फाटते. जपानी बनावटीच्या स्क्रूची फुली आपल्याकडील नेहमीच्या फुलीपेक्षा थोडी वेगळी असते. साधा पेचकस त्यात घसरतो व फुली झिजते, म्हणून मापाचा पेचकस घ्यावा.

दुसरा गोळी व वाटीचा सांधा. यात गोळी झिजलेली असते. तिच्यावर अगदी पातळ थर चढविणे हा उपाय आहे. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल काडीच्या टोकाने गोळीवर लावावा, हात वेगळा ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा व मगच वाटीत बसवावा. कमी वाटल्यास दुसरा थर द्यावा. हा थर कोमट पाण्याने मऊ होऊन निघतो, म्हणजे चूक झाली तरी माल हातचा जात नाही. काही लोक नखाला लावायचा बिनरंगी पॉलिश वापरतात. त्यातील द्रव प्लास्टिकला विरघळवू शकतो, म्हणून आम्ही तो सुचवीत नाही. सुपरग्लूची गत तर वर सांगितलीच आहे.

तिसरा पिनेचा सांधा. यात धातूची पिन आरपार गेलेली असते. पिनेच्या एका टोकाला बहुधा बारीक खाचा असतात व त्या प्लास्टिकला धरून ठेवतात. पिन काढावीच लागली, तर गुळगुळीत टोकाकडून हलकेच ढकलावी, म्हणजे खाचांचे टोक आधी बाहेर येते. उलट ठोकल्यास भोक फाटते. आत नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक पदर दिला तरी सांध्याला घट्टपणा येतो, आणि तो केव्हाही काढता येतो.

चौथा कटकट आवाज करीत टप्प्याटप्प्याने फिरणारा सांधा. यात दाते व स्प्रिंग असतात. येथे गोंद किंवा कोणताही थर चालत नाही, कारण दाते भरून जातात. शक्य असल्यास स्क्रू काढून स्प्रिंग जागेवर आहे काय ते पाहावे. अन्यथा तसाच राहू द्यावा.

सैल सांध्यात तेल घालू नये, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. तेलाने घट्ट यंत्र मोकळे होते, मोकळे सांधे घट्ट होत नाहीत. शिवाय काही प्लास्टिकला तेलाने पुढे तडे जातात.

लहानसहान ऐब

धूळ मऊ ब्रशने काढावी. मळ कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसावा, पण स्टिकर भिजू देऊ नये. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचा द्रव लावू नये; त्याने प्लास्टिकचा चेहराच जातो. उठलेल्या स्टिकरच्या मागे काडीने किंचित पांढरा गोंद लावून वर कागद ठेवून दाबावे.

बॅटरीच्या खणात पांढरी पूड साठलेली असते. आजकालच्या अल्कलाइन बॅटरीची ती पूड कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून टिपली की निघते. मग तो खण ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळवावा. पेटीत ठेवताना बॅटरी बाहेर काढून ठेवावी.

पांढरे प्लास्टिक पिवळे पडते ते उन्हाने व काळाने. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्रकाशात ठेवल्यास ते उजळते. पण रंग कोठे कमी, कोठे जास्त उतरतो व काही काळाने पिवळेपणा परतही येतो. विकाऊ नगावर हा प्रयोग करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. उडालेल्या रंगावर नवा रंग देणेही तसेच. अनेक संग्राहक मूळचा ओरखडा पसंत करतात, वरून दिलेला रंग नाही.

एक ऐब असा आहे की त्याला इलाज नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व पुढे काही रोबोटांत सोनेरी झाक असलेले, लाटालाटांचे दिसणारे प्लास्टिक वापरले गेले. ते वर्षे जातील तसे आतून ठिसूळ होते आणि नुसता हात वळविला तरी तुकडे पडतात. असा भाग दिसला की सांधा फिरवून पाहूच नये. जुन्या जस्ताच्या भागांतही, धातूत शिशाची भेसळ असेल तर, आपोआप तडे पडून भुगा होतो. तेथे गोंद लावणे म्हणजे विरलेल्या कापडावर टाका घालणे होय.

कापडवाल्याची म्हणून एक चूक येथे कबूल करतो. आम्ही त्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. लोकरीला त्या उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या वाफेने काही जातीचे प्लास्टिक मऊ पडते. रोबोट साध्या कोऱ्या सुती कापडात गुंडाळावा, सोबत मालाच्या पेटीतून निघणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ऊन व पत्र्याखालची उष्णता टाळावी. थर्माकोलला चिकटवूनही ठेवू नये. मऊ प्लास्टिक त्याला डसते.

विकताना

आता मुख्य गोष्ट. दुरुस्त केलेला नग विकताना काय केले ते लिहून द्यावे. आमच्या चिठ्ठीत पाच ओळी होत्या : उजव्या खांद्याला तडा, सुपरग्लू लागलेला. गुडघ्यात पूर्वी तेल गेले होते, ते साबणाच्या पाण्याने धुतले. गुडघ्याला पांढऱ्या गोंदाचे दोन थर, कोमट पाण्याने निघतात. स्टिकर मूळचाच, कोपरा चिकटविलेला. पिवळेपणा तसाच ठेवलेला.

मुलगा म्हणाला, "अब्बा, खांद्याचा तडा फोटोत दिसतच नाही." ते खरे होते. दहा हातांवरून रफू दिसत नाही, म्हणून तर गिऱ्हाईक आपल्यावर विसंबते. चिठ्ठी वाचून पुण्याच्या गृहस्थांनी नकार दिला. दोन महिन्यांनी सोलापूरच्या एकाने पहिल्या किमतीच्या जवळपास निम्म्यात तो नेला. त्याने चिठ्ठी घडी करून डब्यातच ठेवली, म्हणजे पुढे त्याने विकला तरी ती सोबत जाईल. भावाला पैसे देताना किंमत का उतरली तेही सांगितले. तो म्हणाला, "मी नीट करा म्हटलं होतं, तेल घाला कधी म्हटलं?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ज्या तरुणांचा हात बारीक कामात बसतो, घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्तीची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे काम जोडधंदा म्हणून जरूर शिकावे. येडशीसारख्या महामार्गावरील गावातून कुरिअरने माल कोठेही जातो. भांडवल म्हणजे मापाचे दोन-तीन पेचकस, ब्रश, पांढरा गोंद व टेफ्लॉन टेप. श्रावणात रामलिंगच्या वाटेवर खेळण्यांची पाले लागतात. तेथील स्वस्त रोबोट घेऊन त्यावर आधी हात बसवावा. दुसऱ्याच्या नगाला हात लावण्यापूर्वी त्याचे चहूबाजूंनी फोटो घ्यावेत व मालकाला दाखवून ठेवावेत. जे केलेले पुन्हा उलटविता येईल, तेवढेच करावे. आणि काम झाल्यावर चिठ्ठी लिहायला विसरू नये.