विमानाचा आकार आणि हवेचा रोध : काही रूढ गैरसमज

पुणे-हैदराबाद हमरस्त्यावरील हुमनाबाद हे तालुक्याचे ठिकाण. तेथून सुमारे 50 किलोमीटरांवर बीदर येथे भारतीय वायुदलाचे प्रशिक्षणकेंद्र असल्यामुळे, लढाऊ वैमानिकांचे शिक्षण ज्यांवर होते ती विमाने या मुलखाला अपरिचित नाहीत. 1996 साली बीदर येथेच स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाने 2011 पर्यंत ‘किरण’ विमानांवर आणि पुढे ‘हॉक’ विमानांवर आपल्या कसरती केल्या. परंतु ही विमाने पाहून त्यांच्या आकाराविषयी जी अनुमाने सहजगत्या बांधली जातात, त्यांतील बरीचशी शास्त्राच्या दरबारात टिकत नाहीत. विमान हवेला पुढे कसे भेदते एवढ्याकडेच आपले लक्ष जाते. ते हवेला मागे कोणत्या अवस्थेत सोडून जाते, हा रोधाचा खरा प्रश्न मात्र दृष्टीआड राहतो.

गैरसमज : नाक जितके टोकदार, तितका रोध कमी.

वस्तुस्थिती : ध्वनीहून कमी वेगाने जाणाऱ्या विमानास हा नियम लागू पडत नाही. अशा वेगात विमानाच्या आगमनाची वर्दी दाबलहरींच्या द्वारे पुढील हवेस अगोदरच पोहोचलेली असते, आणि म्हणून ती बोथट नाकाभोवतीही सुरळीत वाट काढते. अडचण उद्भवते ती पाठीमागे : देह एकाएकी संपला, तर पृष्ठभागालगतचा प्रवाह त्यास सोडून जातो, मागे भोवऱ्यांनी व्यापलेला कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो, आणि पुढील व मागील दाबांतील तफावत विमानास मागे खेचते. यास्तव पुढे गोलसर आणि मागे क्रमशः निमुळता होत जाणारा देह हाच येथे प्रशस्त होय. गुरू व शिष्य शेजारीशेजारी बसावेत म्हणून रुंद कक्ष दिलेल्या ‘किरण’चे नाक बोथट आहे, ते याच कारणास्तव फारसे बाधक ठरत नाही. ध्वनीचा वेग ओलांडला की मात्र ती वर्दी पुढे पोहोचत नाही, आघातलहरी उत्पन्न होतात, आणि तेथे टोकदार नाकाची खरी मातब्बरी असते.

गैरसमज : हा आकार पावसाच्या पडत्या थेंबावरून घेतला आहे.

वस्तुस्थिती : चित्रांत दिसणारा शेपटीदार थेंब पावसात आढळत नाही. लहान थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतात, आणि मोठे थेंब खालून हवेच्या दाबाने चपटे होतात. विमानविद्येचा आद्य अभ्यासक जॉर्ज केली याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आदर्श मानला तो ट्राउट माशाचा देह.

गैरसमज : पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका रोध कमी.

वस्तुस्थिती : बहुधा हे खरे, परंतु सर्वत्र नव्हे. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली असे प्रतिपादन केले की, हवेच्या चिकटपणाचा प्रभाव पृष्ठभागालगतच्या एका पातळ थरातच, म्हणजे सीमास्तरातच, प्रकर्षाने जाणवतो. पुढे त्यानेच गुळगुळीत गोलावर एक बारीक तार कडे करून बसविली, तेव्हा रोध वाढण्याऐवजी लक्षणीय घटला. कारण तारेमुळे संक्षुब्ध झालेला सीमास्तर गोलास अधिक काळ बिलगून राहिला, आणि मागील भोवऱ्यांचा प्रदेश आकुंचन पावला. गोल्फच्या चेंडूवरील खळग्यांचे रहस्य हेच. विमानाचा देह मुळातच निमुळता असल्याने त्यास हा उपाय सहसा लागत नाही; तेथे घर्षण हाच मोठा खर्च, म्हणून रिव्हेटांची डोकीसुद्धा पत्र्याच्या पातळीत बसवितात.

गैरसमज : वस्तू बारीक असली की तिचा रोध नगण्य.

वस्तुस्थिती : प्रवाहात आडवी धरलेली गोल तार, आणि तिच्याहून सुमारे 10 पट जाड परंतु पंखासारखा प्रवाहरेखी छेद असलेला दांडा, या दोहोंचा रोध जवळजवळ सारखा भरतो. ‘टायगर मॉथ’सारख्या दुपंखी विमानांना त्यांच्या तारा व टेकू किती महाग पडत असतील, याचा अंदाज यावरून यावा. वायुदलात ‘टायगर मॉथ’ची जागा घेणाऱ्या, 1951 साली प्रथम उडालेल्या ‘एचटी-2’ या एकपंखी विमानात त्या तारांना रजा मिळाली. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर मुलखातले, आणि गटिंगेन येथे खुद्द प्रांट्ल यांचे शिष्य. 1964 साली प्रथम उडालेल्या ‘किरण’च्या रचनेची धुराही प्रारंभी त्यांच्याचकडे होती. त्यांनी ‘एचटी-2’ची चाके मात्र उघडीच ठेवली, कारण मंद वेगाच्या विमानात चाके आत घेणाऱ्या यंत्रणेचे वजन व गुंतागुंत रोधातील बचतीच्या मानाने जड जाते.

गैरसमज : वेग दुप्पट, तर रोधही दुप्पट; आणि वेग कमी केला की रोध कमी झालाच.

वस्तुस्थिती : आकारामुळे व घर्षणामुळे होणारा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 200 किलोमीटरांऐवजी 600 किलोमीटर वेगाने जावयाचे, तर त्याच आकारास व त्याच हवेत 9 पट रोध सोसावा लागतो, आणि त्यापायी लागणारी शक्ती 27 पट होते. ‘एचटी-2’स क्षम्य असलेली उघडी चाके ‘किरण’मध्ये आत घ्यावी लागली, ती यामुळेच. परंतु रोधाचा आणखी एक प्रकार आहे. पंखाखालील अधिक दाबाची हवा पंखाच्या टोकाशी वर वळते आणि मागे भोवरे सोडते. उत्थापनाबद्दल चुकवावी लागणारी ही किंमत मंद वेगातच अधिक असते. यास्तव प्रत्येक विमानाचा किमान रोधाचा एक विशिष्ट वेग असतो, आणि त्याहून सावकाश जाऊ पाहणाऱ्या वैमानिकास रोध पुन्हा वाढलेला आढळतो.

गैरसमज : रोध शून्यावर आणणे हेच रचनाकाराचे उद्दिष्ट.

वस्तुस्थिती : रोध अजिबात न राहिल्यास विमान उतरविणे दुरापास्त होईल, कारण ते धावपट्टीवर लांबवर तरंगतच राहील. म्हणून एरव्ही रिव्हेटाच्या डोक्याचाही हिशेब ठेवणारा रचनाकार उतरण्यासाठी पंखांना झडपा बसवितो, आणि ‘हॉक’च्या देहाखाली, मागील अंगास, वेग चटकन घटविण्याकरिता उघडणारी फळी मुद्दाम देतो. रोध नको तेव्हा हटावा आणि हवा तेव्हा वैमानिकाच्या हुकुमाने हजर व्हावा, ही तजवीज करण्यात या विद्येचे बरेचसे कौशल्य खर्ची पडते.