पाना पोचत नाही तिथली दुरुस्ती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं म्हणजे गाडीला साधारण चाळीस किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त चढायचं असतं. भोरकडे जाताना वरंध घाट लागतो, खेडकडे जाताना कशेडी. कशेडीला आता बोगदा झाला असला, तरी महाड-पोलादपूरच्या गाडीचा घाट काही सुटत नाही. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दमट हवा आणि सावित्री-गांधारीच्या पुराची धास्ती. कूलंटची यंत्रणा, क्लच, सेल्फ आणि पट्टे यांचा इथे लवकर कस लागतो. नेमके हेच भाग आजच्या छोट्या गाड्यांत सर्वांत अडचणीच्या जागी बसवलेले असतात. मेकॅनिकचा हात तिथे सहज जात नाही, मालकाला ते दिसत नाहीत आणि न दिसणाऱ्या भागांबद्दल गैरसमज लवकर रुजतात. त्यांतले काही खिशाला जड जातात, काही इंजिनाला, तर एखादा जिवावरही बेततो.

गैरसमज १: आपण बाहेर दुरुस्ती करू नये म्हणून कंपन्या इंजिनाभोवती मुद्दाम जागा ठेवत नाहीत.

वस्तुस्थिती: अँबॅसडरचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असे आणि ताकद मागच्या चाकांना जाई. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंनी हात घालता येत असे. १९५९ साली ब्रिटनमध्ये अलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' या गाडीत इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवली आणि लहानशा गाडीत चार माणसं नीट बसवली. जगभरच्या छोट्या गाड्या पुढे त्याच वाटेने गेल्या. डिसेंबर १९८३मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती ८००चं इंजिनही आडवंच होतं.

२००६-०७च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. अट अशी, की पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असावं. आजही चार मीटरची ही रेघ कायम आहे. सप्टेंबर २०२५पासून तिच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या गाड्यांना ४० टक्के. त्यामुळे पाय पसरायला जागा, मोठी डिकी, धडकेत चेपून आघात झेलणारा पुढचा भाग, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं चार मीटरांतच बसवावं लागतं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणीही त्यात शिरली. एखादा भाग कंपनीला जास्त विचाराने बसवता आला असता, अशी उदाहरणं आहेत. तरीही अरुंदपणाचं मूळ कारण कर, सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम आणि आपलीच मागणी हे आहे.

गैरसमज २: पार्ट स्वस्त आणि मजुरी महाग, म्हणजे मेकॅनिकने लुटलं.

वस्तुस्थिती: मजुरी पार्टच्या किमतीवर ठरत नाही, तिथवर पोचायला किती काम पडतं त्यावर ठरते. क्लच प्लेटचंच पाहा. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असते. ती बदलायची तर चाकांकडे जाणारे शाफ्ट काढायचे, इंजिनाला आधार द्यायचा, गिअरबॉक्स सुटा करून खाली घ्यायचा आणि नंतर सगळं उलट क्रमाने बसवायचं. प्लेट प्रत्यक्ष बदलायला लागणारा वेळ यात सर्वांत कमी असतो.

म्हणूनच एकदा उघडलेल्या जागेचा पूर्ण उपयोग करून घेणं शहाणपणाचं. क्लच प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासावं, मागच्या ऑइल सीलमधून तेल गळतंय का ते पाहावं. टायमिंग पट्टा बदलताना टेन्शनर बदलावा आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. जुना पंप ठेवला आणि चार महिन्यांनी तो गळू लागला, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते. मात्र 'उघडलंच आहे तर सगळंच टाका' हेही बरोबर नाही. जो भाग त्याच वाटेवर आहे आणि ज्याचं आयुष्य संपत आलं आहे, तेवढाच बदलावा.

गैरसमज ३: वरून हात जात नाही, म्हणजे इंजिन उतरवावंच लागणार.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा वाट बाजूने किंवा खालून असते. पट्ट्यांच्या बाजूचं पुढचं चाक काढलं आणि चाकाच्या आतला प्लास्टिकचा पडदा सोडवला, की पुली आणि पट्टे समोर येतात. इंजिनाखाली जॅक आणि मधे लाकडी ठोकळा देऊन त्या बाजूचं माउंटिंग सोडवलं, की इंजिन थोडं वरखाली सरकवता येतं आणि आधी न निघणारा बोल्ट निघतो. सेल्फ अनेक गाड्यांत खालून सुटतो. काही गाड्यांत हेडलाइटमागे पोचायला आधी बंपर काढावा लागतो. ओम्नी आणि ईकोमध्ये तर इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे काम सीट उचलूनच सुरू होतं.

यासाठी प्रत्येक मॉडेलची कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका असते आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा ते तिच्यात दिलेलं असतं. तो क्रम माहीत असलेला मेकॅनिक अर्ध्या वेळात काम करतो. इंजिन पूर्ण उतरवायचं असं कोणी सांगितलं, तर कारण विचारायचा मालकाला हक्क आहे.

गैरसमज ४: जाम बोल्टला ताकद लावली की तो सुटतो.

वस्तुस्थिती: कोकणातल्या दमट हवेत बोल्ट गंजतो आणि अडचणीच्या जागी पानाही तिरका बसतो. अशा वेळी जोर लावला की बोल्टचे कोपरे झिजतात किंवा बोल्ट आतच तुटतो. मग तासाभराचं काम दिवसावर जातं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडावं, बारा कोनी सॉकेटऐवजी सहा कोनी वापरावा, पुरेसं लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जोड घ्यावा. बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा पुढेमागे खेळवत काढावा.

स्पार्क प्लगला याहून जास्त जपावं लागतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे नाजूक असतात. प्लग इंजिन थंड असतानाच काढावा. बसवताना प्लगच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून पहिले आटे हातानेच फिरवावेत. प्लग तिरका गेला तर नळी घसरते आणि आटे वाचतात. शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापाइतकंच आवळावं. नेहमीच्या १४ मिलिमीटरच्या प्लगला हे माप साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर असतं. हाताच्या अंदाजाने ते जमेलच असं नाही.

गैरसमज ५: घाटात गाडी तापते, तर थर्मोस्टॅट काढून टाका.

वस्तुस्थिती: हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी झडप. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. झडप काढून टाकली की इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त जळतं आणि झीज वाढते. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीची गाळणी स्वतःला साफ करण्याची प्रक्रियाही अडते. अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटर टाळून जाणारा आडमार्ग बंद करते. ती नसेल तर गरम कूलंटचा काही भाग थंड न होताच परत इंजिनात येतो आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

मग गाडी तापते कशाने? पंखा, रेडिएटरची जाळी, वॉटर पंप, गळणारा होज आणि झाकण, हे आधी तपासायचं. इंजिन आडवं असल्याने पंखा विजेच्या मोटरवर चालतो. चढणीवर वेग कमी, वारा कमी, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावर असते. नवं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढणंही तितकंच गरजेचं. ती राहिली तर नव्या पार्टनंतरही काटा वर जातो आणि दोष पार्टवर येतो.

तापलेल्या गाडीचं झाकण मात्र उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाब गेला की ते क्षणात उकळून अंगावर उसळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा आणि पुरतं थंड होऊ द्या.

गैरसमज ६: पुरात बुडालेली गाडी उन्हात सुकवली आणि सेल्फ मारला की झालं.

वस्तुस्थिती: जुलै २०२१च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत पाणी आणि गाळ शिरला, गाड्याही बुडाल्या. अशा गाडीचं सर्वांत मोठं नुकसान अनेकदा पूर ओसरल्यावर, किल्ली फिरवण्याने होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२४८ सीसीच्या चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये जेमतेम २० मिलिलिटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि सेल्फने पिस्टन वर ढकलला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खरोखरच इंजिन उतरवावं लागतं.

म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. एअर फिल्टर, ऑइल आणि गिअर ऑइलमध्ये पाणी आहे का ते पाहायचं. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन पान्याने हळूहळू फिरवायचं आणि पाणी बाहेर काढायचं. सेल्फ आणि अल्टरनेटर खोल जागी असतात, तिथे गाळ साचतो. दोन्ही काढून उघडून साफ करावेत. टायमिंग पट्ट्याच्या कव्हरमध्ये गाळ गेला असेल तर पट्टा बदलावा. तो सरकला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

गैरसमज ७: छोटं काम आहे, जॅकवर पटकन होईल.

वस्तुस्थिती: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, खाली माणूस असताना ती धरून ठेवण्यासाठी नव्हे. दगड आणि विटाही भरवशाच्या नाहीत, वीट वजनाखाली अचानक फुटते. पक्क्या सपाट जमिनीवर लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये, मेकॅनिकनेही आणि त्याच्या हाताखालच्या पोरानेही. सेल्फची जाड वायर किल्ली काढलेली असली तरी थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि हात भाजतो. काही गाड्यांत गरम इंजिनाचा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरू लागतो. बॅटरी सोडणं म्हणूनच पहिलं काम.

काम देण्यापूर्वी काय विचारावं?

तिथवर कोणत्या वाटेने पोचणार? वाटेतला कोणता भाग आत्ताच बदलणं फायद्याचं? काढताना तुटणाऱ्या क्लिपा, गॅसकेट आणि सील नवे आणलेत का? काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेणार का? जुना पार्ट दाखवणार का? ही पाच उत्तरं मिळाली तर खर्चाचा अंदाजही खरा ठरतो आणि वादही होत नाहीत. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट आपल्या कामाची कदर होते म्हणून मन लावून समजावतो.

गाडीमालकानेही एक गोष्ट करावी: घाईच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजला नेऊ नये. गणपतीला किंवा मे महिन्यात घाट चढायचा असेल तर पंधरा दिवस आधी कूलंट, पट्टे आणि क्लच दाखवावेत. अडचणीच्या जागेतल्या कामाला वेळ लागतो. वेळ नसला की थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, टेन्शनर जुनाच राहतो, एखादा बोल्ट न लावताच कव्हर बसतं. हात पोचायला कठीण म्हणून सोडून दिलेला भाग घाटातल्या वळणावर दगा देतो आणि तिथे गाडीत आपलीच माणसं असतात. मेकॅनिकला पुरेसा वेळ आणि रास्त मजुरी द्यावी, आणि त्याच्याकडून पूर्ण काम हक्काने मागावं.