बावीसचे पिस्तूल : हौस, खिसा आणि कायदा

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत बेळगाव-निपाणीकडून आलेले मराठी टर्नर, फिटर, टूलरूममधले कारागीर हमखास भेटतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके आणली. तेव्हापासून अशा कारागिरांच्या घरीही विषय निघतो : रविवारची हौस म्हणून नेमबाजी करायची, तर स्वस्त आणि भरवशाचे पिस्तूल कोणते?

राहीचे पिस्तूल '.२२' बोअरचे. त्याच्या काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात, कारण ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळीत पसरलेला असतो. पिनचा ठोका कडेवर बसतो आणि बार उडतो. पितळ पातळ, दारू थोडी, धक्का कमी, म्हणून काडतूस स्वस्त पडते. पण मसाला कडेला सगळीकडे सारखा पसरला नाही, तर फुसका बार निघतो. गोळीवरचे मेण आणि काजळी आत साचली, की पुढचे काडतूस अडकते. शिवाय प्रत्येक पिस्तुलाची काडतुसाची आवड वेगळी! एका कंपनीचे काडतूस गोड मानून घेणारे पिस्तूल दुसऱ्या कंपनीच्या काडतुसाला नाक मुरडते. तेव्हा भरवसा पाहायचा तो हत्यार आणि काडतूस अशा जोडीचा.

स्वस्त आणि भरवशाचे हे दोन गुण एकत्र येतात का? येतात, आणि त्याचे उदाहरण पीण्यातल्या मंडळींना विशेष आवडेल. १९४९ साली अमेरिकेत विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी साडेसदतीस डॉलरला एक '.२२' पिस्तूल बाजारात आणले. अखंड पोलादातून मूठ कोरून काढण्याऐवजी त्यांनी पत्र्याचे दोन अर्धे भाग प्रेसवर दाबून काढले आणि वेल्डिंगने जोडले. वरचा भाग नळीसारखा, आणि त्यात पुढेमागे सरकणारा गोल बोल्ट. नळी आणि नेम धरायची खूण जागची हलत नाही, म्हणून नेम टिकतो. काटकसर केली ती बनवण्याच्या पद्धतीत, गुणांत नव्हे. त्या घराण्याची पिस्तुले आजही निघतात.

मात्र ती आपल्याला मिळत नाहीत. १९८०च्या दशकापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. नावाजलेल्या नेमबाजांना नियमांनुसार सवलत आहे, एवढेच. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचे 'निडर' हे '.२२' रिव्हॉल्व्हर आहे, पण ते आखूड नळीचे, स्वसंरक्षणासाठी काढलेले. पंचवीस मीटरवरच्या निशाणासाठी ते घेऊ नये. आणि कोणतेही '.२२' घ्यायचे तर आधी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा. बंगळुरूत त्यासाठी पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, आणि वय किमान २१ पूर्ण लागते.

मग हौशी माणसाने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे : पहिला पैसा एअर पिस्तुलावर घालावा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार '.१७७' बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. छर्रा स्वस्त, अंतर दहा मीटर. तेही लगेच विकत घेऊ नये. रायफल असोसिएशनच्या किंवा क्लबच्या रेंजवर दोन-तीन महिने तिथलेच पिस्तूल वापरावे, आणि मग मूठ हातात बसते का, चाप दर वेळी सारख्याच दाबाला सुटतो का, गॅसकेट आणि सुटे भाग इथे मिळतात का, हे विचारावे. महागाचे पिस्तूलही दगा देते. टोकियोत २०२१ साली ऐन पात्रता फेरीत मनूच्या पिस्तुलातला इलेक्ट्रॉनिक चाप बिघडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली.

इथे पीण्यातल्या कारागिरांना मुद्दाम सांगायचे आहे. '.२२'ची पिन झिजली, तर 'आपल्याच लेथवर काढू, अर्ध्या तासाचे काम' असे मनात येणे साहजिक आहे. पण शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली परवान्याशिवाय बंदुकीचा भाग बनवणे किंवा दुरुस्ती करणे हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. मित्राच्या भिडेखातर संसार पणाला लावू नये. असे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे.

'.२२'चा आवाज बारीक वाटतो, म्हणून रेंजवर कान उघडे ठेवू नयेत, चष्माही हवाच. रिकाम्या पिस्तुलाचा चाप उगीच ओढू नये, कारण बऱ्याच रिमफायर पिस्तुलांत पिन थेट नळीच्या काठावर आपटून तिथे खाच पडते. आणि गोळ्या, छर्रे शिशाचे असतात. घरी येऊन जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी, लहान मुलाला उचलून घेण्यापूर्वी, हात साबणाने स्वच्छ धुवावेत.