प्राणिप्रतिमा, मुलांच्या खेळण्यांतील व वस्त्रांवरील (इस्लामी दृष्टिकोन)

इस्लामी धर्मशास्त्रात ज्यांचे मांस निषिद्ध (हराम) मानले आहे, अशा प्राण्यांच्या आकाराची खेळणी मुलांना द्यावीत की नाही, तसेच त्यांची चित्रे असलेली वस्त्रे मुलांना घालावीत की नाही, यासंबंधीचा विचार. या प्रश्नात भक्ष्याभक्ष्याचे, शुद्धाशुद्धतेचे (तहारत) आणि सजीवांच्या प्रतिमांविषयीचे (तस्वीर) असे तीन स्वतंत्र नियम एकत्र येतात. त्यांची फारकत केल्याशिवाय शास्त्राचा निर्णय व लोकरूढी यांतील भेद स्पष्ट होत नाही.

भक्ष्याभक्ष्य : कुराणात मृत जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि ईश्वरेतरांच्या नावे अर्पिलेले मांस निषिद्ध ठरविले आहे (२·१७३, ५·३, ६·१४५, १६·११५). हदीसमध्ये सुळे असलेले हिंस्र पशू व नख्यांनी शिकार करणारे पक्षी यांची भर पडते. पाळीव गाढवाचे मांस खैबरच्या मोहिमेच्या वेळी (६२८) निषिद्ध करण्यात आले. त्यामुळे वाघ, सिंह, कुत्रा, मांजर, गाढव, उंदीर हे सर्व बहुतेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते अभक्ष्य ठरतात. खाण्याचा निषेध खेळण्यालाही लागू केला, तर मुलांच्या हाती उंट, मेंढी, कोंबडी एवढीच खेळणी उरतील. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर रूढ झालेले कापडी अस्वलही बाद होईल. तथापि प्राण्याचे मांस अभक्ष्य म्हणून त्याचे खेळणेही निषिद्ध, असा नियम सुन्नींच्या चारही प्रमुख संप्रदायांपैकी कोणीही केलेला नाही.

शुद्धाशुद्धता : जिवंत डुक्कर बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञ अशुद्ध मानतात, मालिकी संप्रदाय मात्र प्रत्येक जिवंत प्राणी मूलतः शुद्ध समजतो. शाफिई व हंबली मतांनुसार कुत्राही अशुद्ध होय. हनफी मतात मुख्यतः त्याची लाळ अशुद्ध मानतात. शिकारी कुत्र्याने पकडलेले सावज खाण्यास कुराणाची अनुमती आहे (५·४). ही अशुद्धता प्राण्याच्या देहाशी निगडित असून ती त्याच्या आकृतीत उतरत नाही. मातीचे डुक्कर ही शास्त्रदृष्ट्या मातीच होय. खेळणे कशाचे बनविले आहे, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा ठरतो. डुकराचे कातडे कमावल्यानेही शुद्ध होत नाही, यावर हनफी व शाफिई या दोन्ही संप्रदायांचे एकमत आहे. शाफिई मतात हीच गोष्ट कुत्र्याच्या कातड्यालाही लागू पडते. म्हणून कातडी खेळणे घोड्याच्या आकाराचे असले, तरी त्याचे कातडे डुकराचे असल्यास ते त्याज्य ठरते.

प्रतिमाविषयक नियम : खरा शास्त्रीय वाद प्राण्याच्या जातीविषयी नसून सजीवाच्या प्रतिमेविषयी आहे. सजीवांच्या प्रतिमा घडविणाऱ्यांचा हदीसमध्ये कठोर निषेध केलेला आढळतो. त्याला मुलांच्या खेळण्यांचा महत्त्वाचा अपवाद आहे. मुहंमद पैगंबरांच्या पत्नी आयेशा या बाहुल्यांशी खेळत असत, असे बुखारीच्या हदीससंग्रहात नमूद आहे. अबू दाऊदच्या संग्रहानुसार त्यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, या पैगंबरांच्या प्रश्नावर त्यांनी सुलेमानच्या (सॉलोमन) पंखधारी घोड्यांचा दाखला दिला, तेव्हा पैगंबर हसले. याउलट पंख असलेल्या घोड्यांची चित्रे असलेला पडदा त्यांनी दारावरून काढावयास लावला, असे मुस्लिमच्या संग्रहात सांगितले आहे. दुसऱ्या एका कथनात चित्रे असलेल्या पडद्याच्या उश्या करण्यात आल्याचा उल्लेख येतो. आकृती एकच असली, तरी तिचे स्थान आणि उपयोग यांनुसार निर्णय बदलतो : जी प्रतिमा उंचावर मानाने मांडली जाते ती आक्षेपार्ह, तर जी हाताळली, तुडवली किंवा मोडली जाते तिच्याबाबत सवलत, असा निष्कर्ष अनेक धर्मशास्त्रज्ञांनी यातून काढला.

काझी इयाद (१०८३–११४९) याने खेळण्यांची मुभा हे बहुसंख्यांचे मत म्हणून नोंदविले. ही मुभा पुढे रद्द झाली असे मानणारा पक्षही होता. काहींनी मस्तकहीन किंवा अवयव अस्पष्ट असलेलीच खेळणी ग्राह्य धरली. आधुनिक काळात यूसुफ अल्-करदावी (१९२६–२०२२) यांनी मुलांच्या खेळण्यांस अनुमती दिली; देवबंदी परंपरेतील अनेक मुफ्तींचे मत याहून कडक आहे.

वस्त्रे : वस्त्रांना खेळण्यांइतकी सवलत नाही. सजीवाचे चित्र असलेले वस्त्र नेसून नमाज पढणे हनफी मतानुसार अनुचित (मकरूह) होय. मात्र नमाज रद्द होत नाही. दुरून ओळखू न येणारी बारीक आकृती किंवा मस्तकहीन चित्र यांस मर्‌गीनानीच्या (मृ. ११९७) हिदाया या ग्रंथात सूट आहे. फुले, वेली, वृक्ष यांच्या चित्रांविषयी आक्षेप नाही.

अजाण मूल धर्मनियमांस बांधील नसते. जबाबदारी त्याच्या पालकावर येते. ती किती, याविषयी मतभेद आहेत. मुलग्यांना रेशीम व सोने घालणे हिदायात अनुचित ठरविले असून दोष घालणाऱ्याला लागतो. शाफिई संप्रदायातील ग्राह्य मतानुसार लहान मुलग्यांना रेशीम घालण्यास हरकत नाही. महाराष्ट्रात देशावरील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफिई असल्यामुळे हे दोन्ही दृष्टिकोन राज्यात शेजारीशेजारी नांदतात.

महाराष्ट्रातील व्यवहार : दख्खनमध्ये प्राणिप्रतिमा मुसलमानांच्या सार्वजनिक जीवनातून कधी नाहीशा झाल्या नाहीत. सिद्दींच्या जंजिरा किल्ल्याच्या महाद्वारावर हत्तींना पंजांत धरलेल्या वाघाचे शिल्प आहे. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेल्या ‘मलिक-ए-मैदान’ तोफेचे तोंड हत्तीला चिरडणाऱ्या सिंहाच्या जबड्याचे आहे. मोहरममध्ये वाघाचे सोंग घेण्याची रूढीही दख्खनमध्ये होती. वाघ व सिंह हे दोन्ही अभक्ष्य पशू होत.

याच्या उलट उदाहरण सांगली व कोल्हापूर भागांतील बेंदराच्या मातीच्या बैलांचे देता येईल. शरीयतनुसार बैल भक्ष्य आहे. परंतु बेंदराच्या दिवशी त्या मूर्तीची पूजा होते. त्यामुळे अभक्ष्य अस्वलाच्या कापडी खेळण्यापेक्षा पूजेतील मातीचा बैल हा काटेकोर धर्मशास्त्रज्ञाला अधिक आक्षेपार्ह वाटेल. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतील प्राण्यांना पूजेचा असा संदर्भ नाही. तेथे सजीव प्रतिमेचा सर्वसामान्य प्रश्न तेवढा उरतो.

डुकराच्या आकृतीविषयीची विशेष नावड या शास्त्रीय चौकटीत पूर्णपणे बसत नाही. ती पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या किळशीतून व सामाजिक ओळखीच्या जाणिवेतून आलेली आहे. म्हणूनच मांजराचे किंवा उंदराचे चित्र असलेला सदरा मुलाला सहज घालणारे कुटुंब डुकराच्या आकाराची पैशांची पेटी घरात ठेवण्यास कचरते. या भावनेची दखल राज्यसंस्थांनीही घेतली आहे : चिनी पंचांगातील डुक्कर-वर्षाच्या वेळी, २००७ मध्ये, चीनच्या शासकीय दूरचित्रवाणीने मुस्लिमांच्या भावना लक्षात घेऊन जाहिरातींतील डुकराच्या चित्रांवर बंदी घातली होती.

तयार कपडे व कारखान्यांतील खेळणी सर्व धर्मांच्या घरांत सारखीच पोहोचू लागल्यापासून हा प्रश्न भेटवस्तू, शाळेचे दप्तर, शेजाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस अशा नित्याच्या प्रसंगी उद्‌भवतो. अशा भेटीला दिलेला नकार हा देणाऱ्याचा अव्हेर नसतो. त्याचप्रमाणे ती स्वीकारणारे कुटुंबही धर्मभ्रष्ट ठरत नाही. मतभेदाला शास्त्रातच स्थान आहे आणि नावड ही रूढीची बाब आहे, ही जाणीव दोन्ही बाजूंचा गैरसमज टाळण्यास उपयुक्त ठरते.